शौचालय बांधलं, पण जातं कोण? योजनेच्या मूल्यमापनात समाजशास्त्र कसं वापरावं

पावसाळ्याच्या तोंडावर मराठवाड्यातल्या एका गावात आम्ही घरोघर फिरत होतो. कागदोपत्री गाव शंभर टक्के हागणदारीमुक्त होतं. सातव्या की आठव्या घराच्या परसात शौचालय दिसलं. पत्र्याचं दार, दारावर योजनेचं नाव आणि वर्ष रंगवलेलं. शौचालय आहे? होय. पाण्याची सोय आहे? होय. वापर होतो? "होतो की," आजी म्हणाल्या. माझ्यासोबतच्या मुलाने तिन्ही चौकटींत खुणा केल्या आणि तो पुढच्या घराकडे वळला. मी आजींना विचारलं, आत बघू का? त्यांनी मान हलवली. आत भांड्यावर फळी टाकून गोवऱ्या रचलेल्या होत्या, थेट छतापर्यंत. पावसात भिजू नयेत म्हणून.

आजींचा मला राग आला नाही. दारात आलेल्या, हातात कागद घेतलेल्या माणसाला काय सांगायचं असतं हे त्यांना आजवरच्या अनुभवाने शिकवलं होतं. चूक आमच्या प्रश्नावलीची होती. ती वस्तू मोजत होती, आणि योजना मात्र माणसांच्या रोजच्या वागण्यासाठी आलेली होती. वागणं ही एकट्यादुकट्याची गोष्ट नसते. सासू-सून, भावकी, जात, पाण्याची पाळी, कोणाच्या शेतातून कोण जाऊ शकतं, या सगळ्यात ती गुंतलेली असते. योजना गावात उतरते ती या नात्यांच्या जाळ्यात उतरते. तिथे तिचं काय होतं हे शोधणं, एवढंच समाजशास्त्राचं मूल्यमापनातलं काम आहे. ते अहवालाच्या शेवटी जोडायचं ‘सामाजिक पैलू’ नावाचं प्रकरण नव्हे. ते पहिल्या दिवसापासून करायला लागतं.

हा लेख संस्थांत, कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागात, पंचायत समितीत काम करणाऱ्यांसाठी आणि एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. उदाहरण शेवटपर्यंत ग्रामीण शौचालयांचंच ठेवलं आहे, कारण एकच योजना नीट उलगडली की पाणी, पोषण आहार किंवा बचत गटांच्या योजनेला तीच पद्धत लावता येते.

ही नजर आपल्याकडे नवी नाही. २ ऑक्टोबर १९५२ ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच महिन्यात नियोजन आयोगाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभी केली. त्या काळात समाजशास्त्रज्ञ श्यामाचरण दुबे यांनी उत्तर प्रदेशातल्या प्रकल्पाच्या गावांत जाऊन काम पाहिलं आणि दाखवून दिलं, की सुधारित बियाणं आणि खतं यांचा लाभ मुख्यतः आधीच वजन असलेल्या शेतकऱ्यांकडे गेला. महाराष्ट्रात इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणामुळे उठलेल्या माणसांची पाहणी केली. ती १९६९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. धरण किती मेगावॉट देतं हे अभियंते सांगत होते. उठलेल्या माणसांचं पुढे काय झालं, हा प्रश्न घेऊन या दोघी गेल्या.

आधी योजनेचा तर्क कागदावर उतरवा

प्रश्नावलीला हात लावण्याआधी एक कोरा कागद घ्या. योजना कशी चालेल असं तिच्या कर्त्यांना वाटतं, ते बाण काढून लिहा. स्वच्छ भारत मिशनमध्ये ग्रामीण कुटुंबाला १२,००० रुपये प्रोत्साहन अनुदान होतं. म्हणजे तर्क असा: अनुदान मिळेल → शौचालय बांधलं जाईल → घरातले सगळे वापरतील → मैला उघड्यावर पडणार नाही → जुलाब आणि जंत कमी होतील.

आता प्रत्येक बाणाखाली तीन प्रश्न लिहा. हे का घडेल? कोणाच्या बाबतीत घडेल? कशाने अडेल? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ कॅरोल वाइस यांनी योजनेमागची गृहीतकं अशी उघडी करण्याचा आग्रह धरला. पुढे १९९७ मध्ये रे पॉसन आणि निक टिली या ब्रिटिश अभ्यासकांनी मूल्यमापनाचा मूळ प्रश्नच बदलायला सांगितला. ‘योजना चालली का’ एवढ्यावर न थांबता ‘कोणासाठी, कोणत्या परिस्थितीत, कशामुळे चालली’ असं विचारा, असं त्यांचं म्हणणं. मला स्वतःला या एका वाक्याने जितकी मदत केली तितकी कुठल्याही सॉफ्टवेअरने केलेली नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यामधला बाण बघा. ‘बांधलं की वापरतील’ यामागे गृहीतक आहे, की लोक बाहेर जातात ते घरी सोय नाही म्हणून. काहींच्या बाबतीत हे अगदी खरं आहे. सगळ्यांच्या बाबतीत नाही. २०१४ मध्ये उत्तर भारतातल्या पाच राज्यांत सुमारे ३,२०० घरांची पाहणी झाली. चालू स्थितीतलं शौचालय असलेल्या घरांपैकी ४० टक्क्यांहून जास्त घरांत किमान एक माणूस तरी बाहेर जात होता. संशोधक लोकांशी बोलत बसले तेव्हा कारण निघालं खड्ड्याचं. सरकार सुचवतं ते दोन शोषखड्ड्यांचं शौचालय. एक खड्डा काही वर्षांनी भरला की दुसरा चालू करायचा आणि तो भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याचं निर्धोक खत होतं. तांत्रिकदृष्ट्या उत्तम रचना. पण खड्डा म्हटल्यावर लोकांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो: भरल्यावर उपसणार कोण? मैला हाताळणं एका जातीच्या माथी मारण्याचा इतिहास या देशाला आहे. ती माणसं आता हे काम नाकारतात, आणि त्यांनी ते नाकारावंच. १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी ते करवून घेणं गुन्हा ठरवलं आहे. बाकीच्यांना ते काम करणं म्हणजे बाटणं वाटतं. मग ‘लवकर भरू नये’ म्हणून शौचालय राखून ठेवलं जातं: म्हाताऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, पाहुण्यांसाठी. ज्याला जमतं तो खोलीएवढी मोठी टाकी बांधतो.

उत्तरेचा हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या गावाला चिकटवू नका. पण ‘खड्डा भरला तर कोण उपसेल?’ हा एक प्रश्न तुमच्या यादीत असलाच पाहिजे. तो विचारल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, तेही वहीत लिहून ठेवा.

गाव एक नसतं, ते वेगवेगळं करून बघा

सरपंच भेटतात, ग्रामसेवक भेटतात, चहा होतो, गावठाणातून एक फेरी होते आणि आपल्याला वाटतं गाव बघितलं. ग्रामविकासाचे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्ये या सवयीची यादीच मांडली होती. बाहेरून आलेला माणूस डांबरी रस्त्याच्या कडेचं गाव बघतो, कोरड्या हंगामात बघतो, पुरुषांशी बोलतो, जिथे प्रकल्प आहे तिथेच जातो आणि जे हयात आहेत, हजर आहेत त्यांनाच भेटतो.

यावर उपाय अंगमेहनतीचा आहे. पहिला पूर्ण दिवस फक्त चाला. गावठाण, मळ्यात राहणारी घरं, बौद्धवाडा, मातंग वस्ती, तांडा, पारधी वस्ती, नव्या प्लॉटवरची घरं, रस्त्याच्या पलीकडची पालं. प्रत्येक ठिकाणी लोकांकडून जमिनीवर खडूने नाहीतर काठीने गावाचा नकाशा काढून घ्या. पाणवठा कुठे, दवाखाना कुठे, बायका कुठे जातात, पुरुष कुठे जातात. पारावरच्या पुरुषांनी काढलेला नकाशा आणि वस्तीतल्या बायकांनी काढलेला नकाशा शेजारी ठेवलात तर दोन वेगळी गावं दिसतील. पारावरच्या नकाशात तांडा कितीदा तरी राहूनच जातो.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची प्रबळ जातीची संकल्पना इथे हाताशी ठेवा. संख्या, जमीन आणि सत्ता ज्या जातीकडे एकवटलेली असते, तिची माणसं गावाच्या वतीने बोलतात, आणि ते बोलणं आपण ‘गावाचं मत’ म्हणून लिहून घेतो. म्हणून ‘गाव म्हणतं’ असं वाक्य कच्च्या मसुद्यात जिथे जिथे आलं असेल, तिथे तिथे विचारा: कोण म्हणतं?

नमुना निवडताना तर हे आणखी काटेकोरपणे पाळायला लागतं. समजा गावात ४०० घरं आहेत आणि त्यात १२ घरांची पारधी वस्ती आहे. सरसकट १० टक्के घरं घेतली तर वस्तीतून एखादंच घर येईल, कदाचित एकही नाही. तेव्हा लहान वस्त्यांतली सगळी घरं घ्या आणि मोठ्या गावठाणातून दहातलं एक. मग पूर्ण गावाचा आकडा काढताना गावठाणातलं प्रत्येक घर दहा घरांच्या वतीने मोजा आणि वस्तीतलं प्रत्येक घर एकाच्या वतीने. हे गणित दहावीच्या मुलालाही जमतं. तरी ते टाळलं जातं, आणि मग ‘पारधी कुटुंबांची संख्या विश्लेषणासाठी अपुरी होती’ असं वाक्य अहवालात येतं. संख्या अपुरी नव्हती. आपण गेलोच नव्हतो.

घरांची यादी कोणाची घ्यायची? लाभार्थी यादीवरून तर मुळीच नमुना काढू नका. स्वच्छ भारत मिशनचं उद्दिष्ट ठरलं ते २०१२ च्या पायाभूत सर्वेक्षणावर. त्यानंतर भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, नवी घरं पडली. ही कुटुंबं त्या यादीत नव्हती. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग एप्रिल २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला तो त्या यादीच्या हिशेबाने. सुटलेली कुटुंबं पुढे वेगळी शोधावी लागली. यादीबाहेर कोण राहिलं हे यादी कधीच सांगत नाही. म्हणून स्वतः चालून, चुली मोजून यादी करा. एका छताखाली दोन चुली असतील तर ती दोन घरं.

हंगामही बघा. बीड, अहिल्यानगर, जालना या पट्ट्यातली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन निघतात आणि उन्हाळ्यात परततात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो, दोघंही बाहेर. जानेवारीत तांड्यावर गेलात तर कुलपं भेटतील, आणि त्या कुलपांच्या जागी ‘शेजारचं घर’ घेतलंत तर नमुन्यातून नेमकी सर्वांत गरजू माणसं गळतील.

कोण विचारतंय, यावर उत्तर ठरतं

१९५० च्या दशकात पंजाबात खन्ना शहराजवळच्या गावांत कुटुंबनियोजनाचा मोठा अभ्यास झाला. लोक गोळ्या घेत होते, वापरतो असंही सांगत होते, पण जन्मदर हलेना. पुढे अभ्यासक महमूद ममदानी तिथल्या मानूपूर गावात गेले तेव्हा लोकांनी सांगितलं, की गोळ्या घेतल्या कारण माणसं भली होती, लांबून आली होती, नाही कसं म्हणायचं? एकाने तर गोळ्यांच्या डब्यांची मांडणी करून घरात शोभेची वस्तू केली होती. वर्षानुवर्षांची आकडेवारी भिडेपोटी दिलेल्या उत्तरांवर उभी होती.

आपल्याकडे भिडेच्या जोडीला भीतीही आहे. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना अडवणारी ‘गुड मॉर्निंग पथकं’ लोक विसरलेले नाहीत. शिवाय ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची तर शौचालय वापरत असल्याचा दाखला लागतो. अशा गावात गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि सोबत ग्रामसेवक घेऊन ‘तुम्ही उघड्यावर जाता का?’ असं विचारलं तर उत्तर आधीच ठरलेलं आहे.

चौकशी करणारी माणसं निवडताना मी पुढचे नियम पाळते. ज्यांनी योजना राबवली त्यांच्याकडून मुलाखती घ्यायच्या नाहीत. आशाताई आणि अंगणवाडी सेविका गावाची खडान्‌खडा माहिती देतात, त्यांना जरूर भेटा, पण घरोघरची प्रश्नावली त्यांच्या हाती देऊ नका. त्यांच्यावरही अन्याय होतो आणि माहितीवरही. बायकांशी बायकांनी बोलायचं. गोरमाटी, भिली, पावरी बोलणाऱ्या वस्त्यांत ती बोली येणारं माणूस हवं. दुभाष्या म्हणून शाळेतल्या मुलाला उभं करणं चालणार नाही. पथकात सगळी एकाच जातीची, शहरातली मुलं नसावीत. आणि मुलाखत घेणारी वस्तीत पाणी पिते की नाही, चहा घेते की नाही, हे लोक पहिल्या मिनिटाला टिपतात. पुढचं बोलणं कसं होणार ते त्यावर ठरतं.

शब्दांचं भान ठेवा. एका प्रश्नावलीत ‘घरातल्या बायका बाहेर बसतात का?’ असा प्रश्न होता. मराठी घरात ‘बाहेर बसणं’ म्हणजे पाळीच्या दिवसांत वेगळं बसणं. अर्ध्या बायकांनी त्याचं उत्तर दिलं आणि तो आकडा उघड्यावर जाण्याचा म्हणून नोंदला गेला. ‘परसाकडे’, ‘रानात’, ‘डबा घेऊन’, ‘तिकडं’, ज्या गावात जो शब्द चालतो तो आधी ऐका, मग प्रश्नात घाला.

घरात शिरा: कुटुंबाला विचारू नका, माणसाला विचारा

माझ्या दृष्टीने ही सगळ्यांत मोलाची पायरी. ‘तुमच्या घरी शौचालय वापरतात का?’ या प्रश्नाला घरातला एक जण सगळ्यांच्या वतीने उत्तर देतो. घराची अब्रू राखणं ही त्याची जबाबदारी असते, आणि तो ती चोख पार पाडतो. त्याऐवजी घरातल्या माणसांची यादी करा आणि एकेकाचं विचारा. सुरुवात अशी करा, की दोन्ही उत्तरं सारखीच साधी वाटावीत:

"काही जण घरच्या संडासात जातात, काही जण रानात जातात. काल सकाळी तुम्ही कुठे गेलात?"

मग: "आजोबा कुठे गेले? शाळेत जाणारी मुलगी? थोरला मुलगा शेतावर असतो तेव्हा? धाकट्या बाळाचा मैला कुठे टाकता?"

‘नेहमी’, ‘सहसा’ हे शब्द काढून टाका; ‘काल’ विचारा. घरागणिक विचारलं तर बाहेर जाणारे कमी दिसतात, माणसागणिक विचारलं की वाढतात. कोण कुठे जातं हे कळलं की घराच्या आतली रचना समोर येते. आजोबांना चार भिंतींत कोंडल्यासारखं होतं आणि पहाटेची चक्कर हा त्यांचा मित्रांसोबतचा वेळ असतो. शेतावर राबणाऱ्या गड्याला दुपारी दोन किलोमीटर घरी येणं परवडत नाही. एखाद्या घरात सून आणि सासरा एकच शौचालय वापरत नाहीत. ते अंगणात, सगळ्यांच्या देखत असल्याने सून अंधार पडण्याची वाट बघते. पाळीच्या दिवसांत काही ठिकाणी तिला ते वर्ज्यच असतं.

आणि पाणी. एका घरी सासूबाई ओसरीवर उत्तरं देत होत्या; सून उंबऱ्याआड हंडे घासत होती. माझी सहकारी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेली. सुनेने हळूच सांगितलं: आधी आठ हंडे लागायचे, आता बारा लागतात. वरचे चार संडासाला. सगळे मीच आणते. म्हणून दिवसा घरातल्या बाकीच्यांनी वापरायचा, मी रानात जाते. ज्या सुनेच्या अब्रूसाठी शौचालय बांधा, असं भिंतीवर लिहिलेलं होतं, तीच त्यातून बाहेर पडली होती. ओसरीवरच्या प्रश्नावलीत हे घर ‘पूर्ण वापर’ म्हणून गेलं असतं.

घरात शिरायला वेळ लागतो. दिवसाला पंचवीस फॉर्मचं लक्ष्य असेल तर हे होणारच नाही. सहा ते आठ मुलाखती, त्यात दोन सविस्तर, एवढंच एका माणसाचं दिवसाचं काम धरा आणि अंदाजपत्रक त्याप्रमाणे मागा.

डोळे उघडे ठेवा, पण चोरून बघू नका

विचारलेलं आणि दिसलेलं, दोन्ही लिहा. शौचालयाकडे जाणारी पायवाट मळलेली आहे की गवत उगवलंय? आत बादली आणि डबा आहे का, भांडं ओलं आहे का, कोपऱ्यात कोळिष्टकं आहेत का, कडी आतून लागते का, उजेड आहे का, हात धुवायला साबण कुठे आहे? परवानगी मागूनच दार उघडा. कोणी नको म्हणालं तर तिथेच थांबा.

दोन-तीन दिवस गावात मुक्काम करा. पहाटे साडेपाचला रस्त्यावर काय चालतं हे सकाळी अकराला पोहोचणाऱ्याला कधीच दिसत नाही. मात्र पहाटे फिरताना तुम्ही ‘गुड मॉर्निंग पथका’तले वाटू शकता, म्हणून आदल्या संध्याकाळी वस्तीत सांगून ठेवा आणि ज्या दिशेला बायका जातात तिकडे पुरुषांनी फिरकू नका.

गटचर्चा जरूर घ्या, पण ती कशासाठी आहे हे ओळखून. गटात माणूस स्वतःचं वागणं सांगत नाही. गावात काय बोलणं शोभतं ते सांगतो. तेही मोलाचं आहे. ‘आता कोणी बाहेर जात नाही’ असं सगळे एकसुरात म्हणत असतील, तर बाहेर जाणं लाजेचं ठरलंय एवढं तरी कळलं, आणि हा बदलच आहे. ते वापराच्या आकड्याच्या जागी ठेवू नका, इतकंच. गट वेगवेगळे बसवा: सुना वेगळ्या, सासवा वेगळ्या, वस्तीतल्या बायका वस्तीत. समाजमंदिरात बोलावलंत तर कोण येईल आणि कोण दारातूनच परत जाईल, हे आधी विचारून घ्या.

तुलना कोणाशी?

पुरस्कार मिळालेलं गाव आणि शेजारचं न मिळालेलं गाव यांची तुलना करून ‘योजनेचा परिणाम’ काढणं ही फार जुनी चूक आहे. पाणलोटाच्या कामासाठी नावाजलेल्या हिवरे बाजारचं उदाहरण घ्या. तिथे १९९० च्या आसपासपासून पोपटराव पवारांसारखं नेतृत्व, श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअरवेलला मनाई असे ग्रामसभेने घेतलेले आणि पाळलेले निर्णय होते. शेजारच्या गावात तेवढेच बंधारे बांधून तेवढंच पाणी येईल असं म्हणता येत नाही. तुलनेतला फरक बंधाऱ्याचा किती आणि एकत्र बसून ठरवण्याच्या ताकदीचा किती, हे वेगळं काढायलाच समाजशास्त्र लागतं.

म्हणून तुलनेचं गाव निवडताना लोकसंख्या आणि पाऊस जुळवता, तसं आणखी काही जुळवा: जातींची रचना, जमीन किती हातांत आहे, ग्रामसभा खरोखर भरते का, किती घरं हंगामी स्थलांतर करतात. अगदी जुळणारं गाव मिळालं नाही तर एकाच गावातल्या वस्त्यांची आपसांत तुलना करा. मला बहुधा त्यातूनच जास्त शिकायला मिळालं आहे.

न ठरवलेलं काय घडलं?

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३६ मध्ये हेतुपूर्वक केलेल्या कृतीच्या अनपेक्षित परिणामांवर लिहिलं. प्रत्येक मूल्यमापनात या शोधासाठी एक मोकळा भाग ठेवाच. ‘योजना आल्यापासून तुमच्या घरात, गल्लीत काय बदललं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. पाण्याच्या वाढलेल्या खेपा मला अशाच मोकळ्या प्रश्नातून कळत गेल्या. काही ठिकाणी अनुदान नंतर मिळणार म्हणून आधी उसनवारी झाली. काही ठिकाणी वापराच्या दाखल्यावरून जुनी भांडणं उकरली गेली. चांगलंही निघतं: आजारी सासऱ्याची सोय झाली, मुलीचं लग्न ठरवताना विचारणा होऊ लागली.

आकड्यांवर दबाव आला की आकडे वाकतात, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात सांगून ठेवलं. तारखेपर्यंत तालुका हागणदारीमुक्त करायचा असेल तर फोटो पूर्ण होतात, काम राहून जातं. यात ग्रामसेवकाला खलनायक करू नका. त्याची मुलाखत घ्या, दार लावून, नाव न घेता: लक्ष्य कोणी दिलं, किती दिवस होते, नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? कार्यालय हीदेखील एक सामाजिक रचनाच आहे, तिथेही भीड आहे, भीती आहे, वरचा-खालचा आहे. बहुतेक मूल्यमापनं गावाची चिरफाड करतात आणि कार्यालयाला हात लावत नाहीत. हे मला पटत नाही.

अहवाल आधी वस्तीत वाचा

अहवालात सरासरी नंतर द्या, फोड आधी. ‘८० टक्के वापर’ या एका आकड्याखाली गावठाणात ९० आणि तांड्यावर ३० दडलेले असू शकतात. फोड करताना एक धोका सांभाळा: गावात एखाद्या जातीचं एकच घर असेल, तर त्या जातीची वेगळी ओळ छापणं म्हणजे त्या घराचं नाव छापणं. पाचापेक्षा कमी घरं असलेले गट एकत्र करा. ओळख पटेल असे फोटो टाळा. कोणाचं अनुदान, दाखला, पद तुमच्या एका ओळीने जाऊ शकतं हे लक्षात ठेवून प्रत्येक उद्धृत वाक्य तपासा.

तुमच्या निष्कर्षाला न जुमानणारी घरं मुद्दाम शोधा. तांड्यावर वापर कमी असेल तर जिथे सगळे वापरतात अशी तांड्यावरचीच तीन घरं गाठा आणि तिथे अर्धा दिवस बसा. पुढच्या वर्षी योजनेत काय बदलायचं, याचं उत्तर बहुधा तिथे असतं. एका तांड्यावर अशा तिन्ही घरांत एकच गोष्ट सारखी निघाली: दारापर्यंत नळाचं पाणी.

मसुदा वरिष्ठांकडे पाठवण्याआधी वस्तीत वाचून दाखवा, आकडे जमिनीवर खडूने मांडून. लोक दुरुस्त करतात. एका ठिकाणी आम्ही ‘बायका पाण्याअभावी वापरत नाहीत’ असं वाचलं, तेव्हा मागून एक बाई म्हणाली, पाणी आहे ताई, दिवा नाही. रात्री आत साप निघाला होता. आम्ही एकोणीस घरांत पुन्हा गेलो. उजेडाचा प्रश्न आमच्या प्रश्नावलीत नव्हता, आणि त्या एकोणीसपैकी चौदा घरांच्या शौचालयात दिवा नव्हता.

या वाचनाची तारीख ठरवताना कारखान्यांचे पट्टे कधी पडतात, म्हणजे उसाचं गाळप कधी संपतं, ते आधी विचारून घ्या. ऊसतोडीची माणसं परत आल्यावर, रात्री जेवणं उरकल्यानंतर बसायचं. सुनांना तेव्हाच थोडा वेळ असतो.